बघायचंच होतं

मी पोकर खेळते असं म्हटलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे निरखून बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे तुम्हाला लोकांचे चेहरे वाचता येतात?" लग्नात विचारलंय, ऑफिसात विचारलंय. एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी मी खुर्चीत आ वासून पडलेली असताना विचारलं. सिनेमांनी करून ठेवलेलं आहे हे. कुणाचा तरी डोळा फडफडतो, कपाळावरून घामाचा एक थेंब ओघळतो, नायकाला कळतं आणि तो चिप्सचा ढीग स्वतःकडे ओढतो. पणजीला मांडवी नदीत नांगरलेल्या कॅसिनोच्या बोटीवर, शंभर-दोनशेच्या टेबलावर कुणालाही घाम येत नाही. एसी इतका असतो की मी शाल घेऊन जाते.

चेहरा बघून फारसं काही हाती लागत नाही, हे माझं सरळ मत आहे आणि त्याला आधारही आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डिपाउलो यांनी 2006 मध्ये खोटं ओळखण्यावरच्या अभ्यासांची मोठी गोळाबेरीज केली होती. 24,000 हून जास्त माणसांनी दिलेले कौल त्यात होते आणि बरोबर निघण्याचं प्रमाण भरलं शंभरात 54. नाणं उडवून सांगितलं असतं तर 50 आलं असतं. पोकरपुरता अभ्यास मायकेल स्लेपियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये छापला. 2009 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधल्या चित्रफितींचे छोटे तुकडे त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवले. कुणाला खेळाडूचा फक्त चेहरा दिसत होता, कुणाला फक्त चिप्स सरकवणारे हात. पानं चांगली की वाईट ते ओळखायचं. चेहरा बघणारे नुसत्या अंदाजपंचेपेक्षाही थोडे खालीच राहिले आणि हात बघणारे वर गेले. ज्याच्याकडे खरंच काही होतं त्याचा हात सफाईने पुढे जात होता. हे सगळे कसलेले खेळाडू. चेहरा कसा ठेवायचा ते त्यांनी घोटलेलं होतं, पण हाताला कोण शिकवतं?

आणि ज्याला डोळेच नाहीत त्याचं काय? 2017 च्या जानेवारीत पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रोग्रॅमने चार नामांकित खेळाडूंना 1,20,000 डावांत झोपवलं. त्याने कुणाचाही चेहरा पाहिला नव्हता. कुणी किती पैसे कधी लावले, एवढंच त्याच्यापुढे होतं.

मग टेबलावर वाचायचं तरी काय? माझ्या मते गोष्ट वाचायची. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पानं आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच. पहिली तीन एकदम उघडतात तो फ्लॉप, चौथं पान टर्न, पाचवं रिव्हर. हातात पानं आल्यावर एकदा आणि मग प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, म्हणजे चार फेऱ्या. तीन पत्तीत सगळी पानं झाकलेली. तिथे समोरच्याने चाल वाढवली तर ती कशाच्या जोरावर, हे तपासायला तुमच्याकडे काहीच नसतं, म्हणून तिथे माणूस तोंडाकडे बघतो आणि ते बरोबरही आहे. होल्डेममध्ये पाच पानं सगळ्यांदेखत पडलेली असतात. समोरच्याने चारही फेऱ्यांत जे काही केलं, ते त्या पाच पानांशी जुळवून बघता येतं. आत्ता त्याने सात हजार लावले म्हणजे तो म्हणतोय, माझ्याकडे अमुक आहे. अमुक असतं तर मागच्या फेरीत तो गप्प बसला असता का? बहुतेक थापा इथेच उघड्या पडतात, चेहऱ्यावर नाही.

पण आमच्याकडची माणसं तीन पत्तीतून इकडे आलेली असतात, आणि तिकडची एक सवय बरोबर घेऊन येतात. आमच्या कोकणातल्या घरी गणपतीत जागरणाला पत्ते बसायचे. आरत्या झाल्या, उकडीच्या मोदकांनी सुस्ती आली की माजघरात सतरंजी पडायची. बायकांची रमी, पोरांचं चॅलेंज आणि पडवीत मोठ्यांची तीन पत्ती. मामा कायम ब्लाइंड खेळायचे. ब्लाइंडवाल्याला पानं बघितलेल्याच्या निम्मेच पैसे टाकावे लागतात, त्यामुळे मामा मजेत आणि समोरचा घायकुतीला. शेवटी दोघंच उरले की कुणीतरी म्हणायचं, "हे घे, शो!" आणि पैसे टाकायचं. हरणार हे दिसत असतानाही टाकायचं. कारण न बघता पॅक केलं तर रात्रभर झोप नाही. समोरच्याकडे काय होतं ते कळायला हवं, त्याचे हे पैसे.

ही माणसं पोकरला बसली की दर डावाला शो मागतात. फरक एवढाच की गणपतीत शो वीस रुपयांत मिळायचा. बोटीवर "बघायचंच होतं यार" म्हणत रिव्हरवर पाच-पाच हजार टाकलेले मी पाहिलेत. जिंकायची आशा नसते. चेहराच सांगत असतो की मी हरलोय. (हा एक चेहरा मात्र मला वाचता येतो.)

त्यामुळे लहान टेबलांचा एक स्वभाव बनतो. सगळेच कॉल करतात, म्हणजे समोरच्याइतके पैसे टाकून डावात राहतात, म्हटल्यावर थाप मारून उपयोग नाही. दोनदा थाप पकडली गेली की माणूस तिसऱ्यांदा धीर करत नाही. मग रिव्हरवर मोठे पैसे येतात ते बहुतेक खरे असतात. लहान टेबलावर शिकायची पहिली गोष्ट थाप पकडणं नव्हे, सोडून देणं. आणि सोडून देण्यात काय मजा? त्यासाठी का कुणी घाट उतरून येतं?

येतात मात्र सगळीकडून. महाराष्ट्रात 1887 चा जुगारबंदी कायदा अजून उभा आहे. कॅसिनोचा एक कायदा 1976 साली केला गेला, तो एक दिवसही लागू झाला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. गोव्याचा कायदाही 1976 चाच, पण त्यात 1996 मध्ये जहाजांवर खेळायला वाट करून दिली गेली. वर 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांनाच आत खेळायला मनाई. म्हणजे पणजीच्या जेट्टीवरून छोट्या बोटीत बसणाऱ्यांत पणजीकर सोडून सगळे: बेळगाव, कोल्हापूर, पुणे, हुबळी, सुरत, हैदराबाद.

लाइव्ह टेबलावर तासाला 25-30 डाव होतात, त्यातले बरेचसे तुम्ही पहिल्या दोन पानांवरच टाकून देता. उरलेला वेळ काय करायचं? बहुतेक जण फोन काढतात. खरं वाचन नेमकं या वेळात होतं, स्वतः डावात नसताना. शेवटी पानं उघडतात तेव्हा मी मागे जाते: हा माणूस ही पानं घेऊन फ्लॉपवर काय करत होता? एकदा कळलं की तो कळला. एक सांगलीकडचे काका असतात (असे काका प्रत्येक टेबलावर असतात, गाव बदलतं). पांढरा शर्ट, खिशाला पेन, चहा बिनसाखरेचा. प्रत्येक डावात दोनशे टाकून फ्लॉप बघायचा, जरा काही लागलं तर कॉल, कॉल, कॉल. स्वतःहून वाढवायचं नाव नाही. अशा काकांनी रिव्हरवर तुमच्या तीन हजारांचे नऊ हजार केले की पानं डीलरकडे सरकवावीत आणि लिंबूसोडा मागवावा. मागे एका रात्री हेडफोनवाल्या एका पोराने दोन जोड्या घेऊन बराच विचार केला, काकांकडे रोखून पाहिलं, म्हणाला, "मला वाटतं तुम्ही फ्लश मिस केलाय," आणि कॉल केला. (फ्लश म्हणजे एकाच चिन्हाची पाच पानं.) काकांनी फुल हाउस, म्हणजे तीन सारखी आणि वर एक जोडी, मांडलं आणि त्याला विचारलं, "फ्लश कुठला बाळा?"

हिंजवडीतला तो पोरगा खेळात कच्चा नव्हता, उलट टेबलावर गणित त्याचंच सगळ्यात पक्कं असेल. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हापासून ही मुलं जिवंत टेबलांवर जास्त दिसायला लागलीत. त्यांना कुठल्या पानावर किती टक्के वेळा थाप मारावी ते पाठ असतं आणि समोरचाही तेवढ्याच वेळा मारत असेल हे ते धरून चालतात. काकांनी आयुष्यात रिव्हरवर थाप मारलेली नाही. ते टक्केवारीत बसतच नाहीत.

देहबोली अगदीच टाकाऊ असते असं मात्र म्हणणार नाही. काही गोष्टी मी बघते. दोन बदाम पडल्यावर जो आपली पानं पुन्हा उचलून बघतो, त्याच्याकडे बहुधा दोन बदाम नसतात. असते तर लक्षात राहिले असते. तो एखादं तरी आहे का ते चाचपतोय. पान उलटल्या-उलटल्या ज्याची नजर क्षणभर स्वतःच्या चिप्सवर जाते त्याला ते पान आवडलंय. आणि उसासा. "जाऊ दे, काय करणार, टाकतो," असं म्हणत, मान हलवत जो पैसे वाढवतो, त्याच्यापासून लांब राहावं. दुःखाने कुणी रेझ करत नाही. पण ही सगळी किरकोळ भर. गोष्ट आधी जुळली पाहिजे, मग हात-बित.

आणखी एक वाचन उलट्या दिशेने चालू असतं. टेबलावर नऊ जणांत मी बहुतेक वेळा एकटीच बाई असते आणि बसल्या-बसल्या सगळ्यांनी मला वाचून टाकलेलं असतं. ताई नवऱ्याबरोबर आल्या असतील, तो वर रूलेटवर असेल, या वेळ काढतायत. वैनी पानं असल्याशिवाय खेळणार नाहीत, आणि मोठे पैसे लावले की सोडून देतील. यातला नवरा खरा आहे, तो खाली पणजीत मासे खात असतो. पहिली काही मिनिटं मला या वाचनाचा राग यायचा. आता येत नाही, कारण हे वाचन फार कामाचं आहे. जो माणूस काकांविरुद्ध कधीच थाप मारणार नाही, तो माझ्याविरुद्ध मारतो. समोरचा तुम्हाला काय समजतो हे माहीत असणं म्हणजे त्याची निम्मी पानं माहीत असणं.

आता त्याच रात्रीचा एक डाव. नाशिककडचा एक जमिनींचे व्यवहार करणारा माणूस माझ्या उजवीकडे दोन खुर्च्या सोडून बसला होता. मोकळाढाकळा, बोलका. मला पहिल्यापासून ताई म्हणत होता, द्राक्षांचा भाव सांगत होता, डीलर मुलीला तिचं गाव विचारत होता. पहिले आणलेले वीस हजार गेलेले, दुसऱ्यातलेही काही गेलेले. साडेबाराला त्याचे दोस्त निघणार होते, त्यांचे फोन येत होते आणि तो "आलो, आलो" म्हणत होता. याची एक खोड मी हेरून ठेवली होती. पानं खरोखर चांगली असली की तो थोडे पैसे लावायचा. एकदा तीन गुलाम घेऊन आठ हजार जमलेल्या पॉटमध्ये पंधराशेच लावले. दुसऱ्यांदा फ्लश होता, तेव्हा दोन हजार. मासा पळू नये म्हणून दोरी सैल सोडतात तसं. पुष्कळ नव्या खेळाडूंचं असं असतं. खरं असेल तेव्हा मागायला लाजतात.

माझ्याकडे चौकटचा एक्का आणि चौकटची दश्शी. त्याने नुसते दोनशे टाकले, मी हजार केले, बाकीचे गेले, तो आला. दर डावाला दोघांना टाकावेच लागणारे शंभर-दोनशे धरून मध्ये 2,300 जमले. फ्लॉप: बदामची दश्शी, बदामची सत्ती, किलवरची तिर्री. त्याने चेक केलं, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे दिली. त्याने आपली पानं पुन्हा उचलली नाहीत, हेही बघून ठेवलं. दश्शीची जोडी, वर एक्का, म्हणजे माझं बरं चाललेलं. मी 1,200 लावले, त्याने लगेच कॉल केला. टर्नला इस्पिकची दुर्री, जिचा कुणालाच काही उपयोग नाही. त्याने पुन्हा चेक केलं, मी 2,500 लावले. या वेळी जरा थांबून कॉल. पॉटमध्ये 9,700. रिव्हरला पडला इस्पिकचा राजा.

तो दोन फेऱ्या चेक करत आलेला माणूस, त्याने राजा पडताच सात हजार पुढे केले. फोन वाजत होता, उचलला नाही. द्राक्षं बंद. चिप्सची थप्पी ठेवताना एक चिप सुटून घरंगळली आणि त्याने ती उचलून वर ठेवली.

टेबल माझ्याकडे बघायला लागलं. अशा वेळी हिशेब सोपा असतो आणि तो आधी करावा. सात हजार टाकून 16,700 मिळवायचे. दहातल्या तीन वेळा माझं बरोबर निघालं तरी बरोबरी होते. कॅसिनोचा रेक, म्हणजे पॉटमधला त्यांचा वाटा, धरला तर किंचित जास्त. म्हणजे त्याच्याकडे थापच आहे अशी खात्री मला नकोच होती. सात वेळा त्याच्याकडे राजा असला तरी चालणार होतं.

दुसरा प्रश्न असा की माझ्या एक्क्याचा इथे उपयोग काय? बरेच जण म्हणतात, माझ्याकडे टॉप किकर (जोडीबरोबरचं सगळ्यात मोठं पान) होता म्हणून सोडवलं नाही. इथे त्याचा काही संबंध नाही. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने पोकरचं एक छोटं रूप सोडवलं होतं, ते 1944 मध्ये छापून आलं. त्यात निघालं असं, की पैसे लावावेत ते एक तर उत्तम पानांवर, नाहीतर अगदी टाकाऊ पानांवर. मधल्या पानांनी चेक करावं. थाप मारायची ती सगळ्यात भिकार पानांनी. टेबलावरच्या माणसांनी हे कुठे वाचलेलं नसतं, पण मधलं काही हातात असताना सात हजार लावायला त्यांचाही हात धजत नाही. नाशिकवाल्याकडे नुसती दश्शी असती तर त्याने पुन्हा चेक केलं असतं. तेव्हा त्याच्याकडे एक तर राजा किंवा त्याहून मोठं काही, किंवा काहीच नाही. राजापुढे माझा एक्का-दश्शी हरतो आणि दश्शी-अठ्ठीही हरली असती. काहीच नसेल तर दोन्ही जिंकतात.

मग उरतं एवढंच की राजा घेऊन तो इथपर्यंत आला कसा? दश्शी, सत्ती, तिर्रीवर 1,200 आणि 2,500 भरून येणारा राजा म्हणजे बदामचा राजा आणि बरोबर दुसरा बदाम, किंवा राजा-दश्शी. अशा जोड्या मोजल्या तर दहा-अकरा होतात. तिकडे हुकलेले बदाम कितीतरी, शिवाय नव्वी-अठ्ठी, जिला सरळ पाच व्हायला एक पान हवं होतं आणि मिळालं नाही. त्या सगळ्या मिळून दुपटीहून जास्त. त्यातल्या पाचात एकदा जरी त्याने थाप मारली तरी माझे दहात तीन भरतात. तीन सत्त्या किंवा तीन तिर्र्या असत्या तर दोन बदाम दिसत असताना त्याने आधीच वाढवलं असतं. हे जोड्यांचं मी नंतर हॉटेलवर बसून कागदावर मांडलं. टेबलावर डोक्यात होतं ते ढोबळ: हुकलेले बदाम पुष्कळ, राजे थोडे.

पण लहान टेबलावर रिव्हरचे मोठे पैसे खरे असतात हे मीच वर म्हटलंय. काकांनी हेच सात हजार लावले असते तर मी क्षणात पानं टाकली असती. इथे माणूस वेगळा होता. याची खरी पानं पंधराशे मागतात, सात हजार नव्हे. राजा लागला असता तर ताईंनी पळू नये म्हणून त्याने तीनेक हजार लावले असते. सात हजार हे ताईंनी पळावं म्हणून होते. दोस्त जेट्टीवर उभे, वीस हजार गेलेले, आणि समोर बाई. थाप मारायला याहून चांगली वेळ त्याला दिसली नसणार. मी चिप्स पुढे केल्या.

त्याने पानं उघडली नाहीत. "चांगलाय ताई, तुमचा आहे," म्हणाला आणि दोन्ही पानं उलटीच डीलरकडे सरकवली. टेबल ओरडलं, "दाखव की! दाखव की!" बऱ्याच ठिकाणी नियम आहे की कॉल झालेल्या डावाची पानं कुणीही मागू शकतो. हेडफोनवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, मागा ना." मी नाही मागितली. पैसे आले होते. माणसाची थाप पकडून वर त्याची पानंही चारचौघांत उलटायला लावणं मला बरं दिसत नाही, आणि धंद्याच्या दृष्टीनेही ते वाईट. लाजलेला माणूस पुन्हा थाप मारत नाही. तो हसत उठला, डीलरला टीप दिली आणि निघाला.

त्याच्याकडे काय होतं ते मला अजून माहीत नाही. बदाम असतील. नव्वी-अठ्ठी असेल. पोकर शिकायला इतका कठीण का, याचं एक कारण इथे आहे. बहुतेक डावांत उत्तर कळतच नाही. तुम्ही सोडलं तर समोरचा पानं फेकून देतो आणि तुम्ही बरोबर होतात की तुमची फजिती झाली हे डीलरच्या गठ्ठ्यात जातं. चॅलेंज खेळणाऱ्या पोरांना बरं असतं. "चॅलेंज!" म्हटलं की पान उलटतं, तिथल्या तिथे न्याय.

आणि बरोबर ओळखूनही उपयोग होतोच असं नाही. 2003 ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा. लास वेगास, 839 खेळाडू, शेवटी उरले दोघे: क्रिस मनीमेकर हा टेनेसीचा अकाउंटंट आणि सॅम फारहा हा मुरलेला जुगारी. रिव्हरपर्यंत मनीमेकरचा इस्पिकचा फ्लश हुकला होता, सरळ पाचही हुकले होते. हातात राजा आणि सत्ती, बाकी शून्य. त्याने सगळे पैसे आत ढकलले. फारहाकडे नव्वीची जोडी होती, म्हणजे तो पुढे होता. त्याने मनीमेकरकडे पाहिलं आणि त्याला विचारलंही, की तुझा फ्लश हुकला, हो ना? अचूक. मग त्याने पानं टाकून दिली. मनीमेकर पुढे स्पर्धा जिंकला, 25 लाख डॉलर घेऊन गेला आणि जगभर नोकरदार माणसांनी पोकर खेळायला सुरुवात केली.

तो डाव मी पुष्कळदा पाहिलाय. वाचता येणं आणि त्या वाचनावर पैसे लावता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम फारच अवघड. अर्थात फारहा अगदीच चुकला असंही मला वाटत नाही. नुसती नव्वीची जोडी, समोर तीन इस्पिक, चुकलं तर जवळपास सगळंच जाणार. आपण घरी सोफ्यावर बसून समोरच्याची पानं पडद्यावर बघत असतो, म्हणून आपल्याला ते सोपं वाटतं.

नाशिकवाला गेल्यावर त्याच्या खुर्चीत एक बेळगावचे गृहस्थ येऊन बसले. सोन्याची साखळी, बोटांत तीन अंगठ्या, वरच्या मजल्यावर काहीतरी भरपूर जिंकून आलेले. त्यांनी पहिल्याच डावात पानांना हात न लावता "ब्लाइंड!" म्हणत हजार टाकले. डीलरने समजावलं की इथे ब्लाइंड म्हणजे वेगळं, पानं बघितली तरी पैसे तेवढेच लागतात. "असू दे," म्हणाले, "आपलं असंच." पुढच्या डावातही तेच. जिंकत होते, हरत होते, रंगात होते. हेडफोनवाल्याने हेडफोन काढून ठेवले. यांच्यावर काय टक्केवारी लावणार? यांच्या चेहऱ्यावर काय वाचणार? काय पानं आहेत ते त्यांनाच माहीत नाही. गोष्ट जुळवायची तर त्यांच्याकडे गोष्टच नाही.

दोनच्या सुमारास त्यांनी पानं तशीच झाकलेली ठेवून आपल्यापुढचे सगळे, अठरा हजार आणि वर काही, आत सारले. काकांनी पानं टाकली. हेडफोनवाल्याने बराच वेळ घेतला आणि टाकली. माझ्याकडे नव्वीची जोडी होती. कुठल्याही दोन पानांपुढे नव्वीची जोडी शंभरात साधारण 72 वेळा जिंकते, आणि इथे खरंच कुठलीही दोन पानं होती. मी कॉल म्हटलं.

"थांबा वैनी, मलाबी बघू द्या," म्हणाले आणि त्यांनी एक पान उलटलं. चौकटची चौकी. टेबल खो-खो हसलं. दुसऱ्या पानाला त्यांनी बोट लावलं, मग काढून घेतलं आणि डीलरला हिंदीत म्हणाले, आधी तुमची पाचच्या पाच येऊ द्या, हे नंतर बघू.